राहीलचं आठवं गाणं

राहील मुजावर आमच्या रॉक बँडचा गाणारा. कडेगावात त्याच्या बापाचं वेल्डिंगचं दुकान, तिथंच दुपारी शटर ओढून आमी प्रॅक्टिस करायचो. ऋषिराज बेस गिटारवर, मी ड्रमवर. दहावीत मी शाळा सोडली तवा सगळ्यांनी तोंड फिरवलं, राहीलनं हातात ड्रमच्या काठ्या दिल्या. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत न्हाई.

आमचा पहिला अल्बम दोनदा बुडाला. एकदा स्टुडिओवाल्याच्या कम्प्युटरातनं सगळी गाणी उडाली. मग ऋषिराज फौजेत गेला. औंदा तो सुट्टीवर आला तवा सांगलीत सात गाणी झाली. आठवं राहिलं. राहीलनं आईवर लिहिलेलं. त्याचा घसा बसलेला. डॉक्टरनं बजावलेलं, आवाजाच्या नसंवर गाठ हाय, बोलूसुद्धा नको.

मधीच ऋषिराजच्या बहिणीची, शिवांजलीची हळद आली. आमच्याकडं घरचा गाणारा असताना हळदीला भाड्याचा आणत न्हाईत. ऋषिराज म्हणला, "गड्या, तू नुसता बस." तेवढ्यात त्याचा मामा नानासो माईक घेऊन आला.

"काय रं राहील, अल्बम निघायच्या आधीच भाव खातोस व्हय?"

"मी गातो मामा," मी म्हणलं.

"तू गायलास तर नवरा पळून जाईल."

सगळी हसली. शिवांजली राहीलकडं बघत होती. बारकेपणापासनं त्याला राखी बांधती ती. त्यानं माईक घेतला. चारपाच गाणी झाली आन आवाज फाटला. मग तोंडातनं नुसती हवा.

डॉक्टर म्हणला, ऑपरेशन करू, पण गाण्याचा आवाज येईलच असं न्हाई.

मी म्हणलं, "सात गाण्यांवर काढू अल्बम." राहीलनं मोबाईलवर टाइप करून दाखवलं, 'आठव्याशिवाय न्हाई. तू गा.'

"तुझं गाणं मी न्हाई गाणार."

'मग मी मेलो समजून माझा चाळीसावाच घाला.'

गायलो. स्टुडिओत काचंपलीकडं तो मान खाली घालून बसलेला.

अल्बम निघाला तवा त्याच्या घरी बसून ऐकला. आठवं लागलं तशी त्याची आई, जरिनाचाची, काम करता करता थांबली.

"ह्यो कुणाचा आवाज?"

राहीलनं माझ्याकडं बोट केलं.

"चांगलं गायलंस बाबा," चाची मला म्हणली. मग त्याला म्हणली, "मागचं लाव."

त्यानं सातवं लावलं, त्याच्या आवाजातलं. चाची डोळं मिटून ऐकत बसली. संपलं तसं म्हणली, "परत." राहीलनं परत लावलं, फोन तिच्या हातात दिला आन उठून गेला.