कुलूप ते बेल

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर विमानाची आणि बसची तिकिटं काढून देणारं एक छोटं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना आम्ही तिकीटवाल्या ताई म्हणतो. कुणी प्रवासाहून परतलं, की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. "घराला कुलूप कधी लावलंस? तिथली बेल कधी वाजवलीस?" मग जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर ते टिपून ठेवायचं. आम्ही हसायचो. छंद असतो एकेकाला!

त्या मंगळवारी सकाळी नऊला भावाचा फोन आला. आईचं उद्याचं ऑपरेशन आजच ठरलं होतं, तीनला आत नेणार होते. "तू येईपर्यंत जाणार नाही म्हणतेय," तो म्हणाला. मी पर्स उचलून खाली धावले, मागोमाग दीर.

"पावणेबाराचं काढा हो ताई," दीरच म्हणाले. "पन्नास मिनिटांत वहिनी तिथे!"

"विमान पोचेल हो पन्नास मिनिटांत. वहिनींचं काय?" ताई बोटांवर मोजू लागल्या. इथला विमानतळ गाठायला तास, तिथे ताटकळायला तास-दीड तास. उतरून बाहेर पडून टॅक्सी मिळेपर्यंत चाळीस मिनिटं. तिथला विमानतळ गावाबाहेर पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे आणखी दीड तास. "सगळं सुरळीत झालं तर पावणेतीन. आणि ते विमान जिथून इथे यायचंय, तिथून अजून हललेलंच नाही."

"आणि रस्त्याने तीनशे दहा किलोमीटर!" दीर उसळले.

ताईंनी पानं चाळली. "सकाळी निघालेल्या अकरा जणांना सव्वापाच तास लागलेत. बारावा जेवायला थांबला, त्याला धरायचं नाही. अगं, बघतेस काय? गाडी बोलावलीये मी."

विमानाच्या तिकिटाचं हातचं कमिशन सोडून त्या गाडीवाल्याला बजावत होत्या, "तिथल्या जुन्या पुलावरून नको, शाळा सुटायची वेळ असते. बाहेरून जा, बारा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील."

नऊ वीसला निघाले. वाटेत घड्याळाकडे किती वेळा पाहिलं, ते माझं मला ठाऊक.

दोन अडतीसला मी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर होते. आईला स्ट्रेचरवर घेतलेलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "आलीस? केस बघ कसे झालेत!" दार बंद होईपर्यंत तिने हात सोडला नाही.

पावणेबाराचं विमान दोन वाजता उडालं. दिरांनी फोन करून सांगितलं, जरा खालच्या पट्टीत.

संध्याकाळी डॉक्टर हसत बाहेर आले आणि मी ताईंना फोन लावला. "नऊ वीस ते दोन अडतीस," मी घाईने सांगून टाकलं.

"ते राहू दे गं. आई कशी आहे?"

"बरी आहे. शुद्धीवर आलीये."

पलीकडून पान उलटल्याचा आवाज.

"हं, आता सांग. चहाला किती मिनिटं थांबलात?"