मिस्त्रीची टोपी

आमच्या वर्कशॉपात शिरलं की डाव्या हाताच्या भिंतीवर एक लाकडी पट्टी आहे. पट्टीला खिळे आणि खिळ्यांवर पांढऱ्या टोप्या. पांढऱ्या आपलं म्हणायचं. वेल्डिंगच्या धुरानं त्यांचा रंग आता चहासारखा झालाय. माझ्याकडं शिकून पुण्याला गेलेल्या पोरांच्या टोप्या आहेत त्या.

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. धाराशिवच्या बाहेर, तेरच्या रस्त्याला. आमच्याकडून नवी ट्रॉली नेताना शेतकरी तिची पूजा करतो, नारळ फोडतो आणि जिच्या जिवावर ऊस वाहायचा ती ट्रॉली ज्यानं जोडली, त्या मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा आहेर करतो. मिस्त्री टॉवेल घरी नेतो, टोपी खिळ्याला लावतो. हे कुणी सुरू केलं, म्हणून मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कामाचं बघ." माझी चौकशीची खोड त्यांना कधीच पटली नाही, आणि माझी ती कधी गेली नाही.

एखादं पोरगं ट्रॉलीचा पुढचा दांडा जोडण्याइतकं तयार झालं, की त्याला चाकणच्या कारखान्यातून फोन येतोच. ट्रॅक्टरला अडकतो तो हा दांडा. सगळं वजन त्याच्या जोडावर. तो हात बसायला दोन-दोन वर्षं जातात, आणि बसला की पोरगं बॅग भरतं. राग येतो, खोटं कशाला बोलू? पण रागाच्या मागोमाग कुतूहलही येतं. एकाला मी फोनवर विचारलं, तिथं नेमकं काय करतोस? म्हणाला, दिवसभर एकाच नमुन्याचा जोड मारतो. मी म्हटलं, त्याचं पुढं काय बनतं? तर म्हणाला, "काय माहीत, काका." हे उत्तर मला आठवडाभर चघळायला पुरलं.

शेवटी असं झालं की वर्कशॉपात मिस्त्री म्हणून मी एकटाच उरलो. टोपीही मीच घ्यायचो. मालक म्हणून पैसे घ्यायचे आणि मिस्त्री म्हणून टोपी, हे मला स्वतःलाच हसण्यासारखं वाटायचं.

अशात आयटीआयचे एक सर अप्रेंटिस घेऊन आले. त्यांच्या मागं एक मुलगी उभी होती. अंगात वडिलांचा फुल बाह्यांचा शर्ट, हातात डबा. तेरहून एसटीनं आलेली. मी तिला बसूही दिलं नाही, लगेच विचारलं, "शिवणकामाला का नाही गेलीस?"

"ते येतं की मला."

"मग इकडं कुणीकडं?"

ती जरा लाजली. "लोखंड पातळ होताना कसं दिसतं, ते बघायचं होतं."

मला ही पोरगी तिथंच आवडली. आपल्या जातकुळीचं कुणीतरी भेटलं असं वाटलं. पण धंदा नुसत्या आवडीवर चालत नाही. मी तिला आणि सरांना स्वच्छ सांगितलं, "वर्षभर शिकवतो. पुढं मिस्त्री म्हणून ठेवायचं का, ते गिऱ्हाईक ठरवंल. बाईच्या हातचा जोड आहे म्हणून कुणी ट्रॉली नेली नाही, तर मला झेपायचं नाही." तिनं मान हलवली. सर जाता जाता हळूच म्हणाले, वर्षाअखेर काम लागलं नाही तर दिवाळीनंतर हिच्यासाठी स्थळं बघायची, असं घरी ठरलंय.

वर्षभर ती शिकली. सुरुवातीला पत्र्याला भोकं पाडली, वेल्डिंगचे रॉड चिकटवून ठेवले, डोळे सुजवून घेतले. जोडावरची जळकी खपली झाडली की ती वाकून आतलं बघत बसायची. मी ओरडायचो, "अगं, चित्र आहे का ते?" आणि ती गेली की मीही वाकून बघायचो.

उसाचा हंगाम जवळ आला तेव्हा नळदुर्गकडच्या एका शेतकऱ्याची ट्रॉली तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं जोडली, दांड्यासकट. शेतकरी मधे दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा तिच्या तोंडापुढं काच, डोक्याला फडकं. तो मला म्हणाला, "पोरगं गुणाचं दिसतंय तुमचं." मी म्हटलं, "व्हय, गुणाचं हाय." पुढचं बोलायला जीभ वळली नाही.

ट्रॉली न्यायच्या दिवशी तो बायकोला घेऊन आला. हातोडा मागून घेतला, दांड्याचा जोड ठोकून बघितला, खूश झाला. पूजा झाली, नारळ फुटला. मग त्यानं टॉवेल-टोपी घेतली आणि माझ्यापुढं धरली. मान पुढं केली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. मी मागं सरकलो.

"माझी न्हाय ती. ट्रॉली हिनं केलीय."

तो तिच्याकडं बघत राहिला. काच नाही, वेणी पाठीवर. "दांडा बी?"

"दांडा बी," ती म्हणाली.

त्यानं टोपी ट्रॉलीच्या बाजूच्या फाळक्यावर ठेवली आणि परत हातोडा उचलला. त्याच जोडावर, मघापेक्षा जोरात. एक, दोन, तीन. ट्रॉली इथंच राहणार आणि दिवाळीनंतर हिला स्थळं बघणार, एवढंच मला दिसत होतं. ती मात्र दोन पावलं पुढं आली.

"मारा की अजून, काका. मी बी बघते."

तो थांबला. वाकून बोटानं जोड चाचपला. मग उठून म्हणाला, "आवाज तर तसाच हाय." स्वतःशीच म्हणाल्यासारखं. हातोडा माझ्याकडं दिला, पण टोपी काही उचलेना. पोरीच्या डोक्यावर टोपी घालायची कशी, हे कोडं त्याला पडलं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

त्याच्या बायकोला वाटलं, आपल्याला सुटलं. "थांबा, वटी भरते पोरीची. खण हाय माझ्याजवळ." तिनं पिशवीतून खण काढला, ताटातले तांदूळ घेतले.

छान तोड निघाली असं मला मनापासून वाटलं. पण पोरीनं वटी घ्यायला ओढणी पुढं केली नाही.

"मावशी, राग मानू नका. वटी काय, कुणाच्या बी घरी गेलं तर भरत्यात. मला ती टोपी द्या. ती मिस्त्रीची हाय."

शेतकरी माझ्याकडं बघायला लागला आणि मी ट्रॉलीच्या चाकाकडं. मग त्याच्या बायकोनं खण पिशवीत टाकला, फाळक्यावरची टोपी उचलली.

"तुमाला न्हाय जमायचं, व्हा बाजूला." तिनं पोरीच्या डोक्यावर टोपी दाबली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि वर हळदी-कुंकूही लावलं. टोपी मोठी होती, कानांवर उतरली. पोरगी हसायला लागली, मग ती बाई हसली, मग शेतकरी हसत म्हणाला, "पुढल्या साली भावाला पाठवतो. ह्याच मिस्त्रीकडं." ट्रॉली ट्रॅक्टरला जोडून तो गेला.

संध्याकाळी तिच्या एसटीची वेळ झाली. मी पट्टीवरची एक जुनी टोपी सरकवून तिच्यासाठी खिळा मोकळा केला. तिनं तो बघितला. मग टोपी नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली.

"टोपी घरी दाखवते, काका." आणि टॉवेल त्या खिळ्याला अडकवला. "ह्यो राहू द्या. उद्या हात पुसायला लागंल."