साहेब, उजवा

कुवेतमधल्या राई या गॅरेजांच्या भागातल्या माझ्या मेकॅनिकचं नाव मी आठ वर्षांत कधी विचारलं नाही. दाभोळकडचा, एवढंच माहीत. पहिल्या भेटीत मी डाव्या हाताने गाडीची किल्ली पुढे केली, तर त्याने ती घेतलीच नाही. "साहेब, उजवा. हितं डाव्या हातानं देनं बरं दिसत नाय."

गावाकडून कुणाचेही पाहुणे आले की बॉनेटमधून डोकं न काढता त्याची शिकवणी सुरू व्हायची. पायाचे तळवे कुणाकडे करून बसू नका, बायकामाणसांचे फोटो काढू नका, कॉफी पुरे झाली की पेला हलवून परत द्या. मला राग यायचा. याला कुणी मास्तर नेमलंय?

यंदा बाबा आले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात लुळाच आहे. त्यांना घेऊन गॅरेजात गेलो, तेव्हा तिथे एक वयस्कर कुवेती गिऱ्हाईक बसले होते. त्यांनी उठून हात पुढे केला. बाबांनी घाईत डावा दिला आणि चूक झाल्यासारखा लगेच मागे ओढला. इथे डावा हात पुढे करायचा नाही, असं आदल्या दिवशी मीच त्यांना बजावलं होतं.

मेकॅनिक बॉनेटमधून बाहेर आला. त्या गृहस्थांशी अरबीत हळू काहीतरी बोलला. मग फडक्याला हात पुसून बाबांसमोर उभा राहिला आणि त्याने आपला डावा हात पुढे केला.

"काका, बरे हाव ना?"

त्याच्यामागून त्या गृहस्थांनीही डावाच हात दिला.

परवा किल्ली देताना मी मुद्दाम डावा हात पुढे केला.

"साहेब, उजवा," तो म्हणाला.