मंडईच्या नाटकातली सोयरीक

दिवाळीनंतर अड्याळला धाकट्या नणंदेकडे मंडईच्या जत्रेला गेले होते. माझ्या मुलीसाठी तिनं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलाची आई रात्री मंडईतल्या नाटकाला येणार म्हणून तिनं मला मुद्दाम त्या बाईच्या शेजारी बसवलं. आमच्याकडे मंडईत सोयरिकी जुळतात, हे मला मान्य आहे. पण त्या दिवसभर जुळवाव्या, पडदा उघडल्यावर नाही.

त्या बाईनं पहिल्या प्रवेशापासून तोंड मिटलं नाही. मुलगी किती उंच आहे, स्वयंपाक येतो का, नोकरी सोडेल का. नाटक तिनं आधी पाहिलेलं होतं, म्हणून मधूनमधून मला सांगायची, "आता हा बुढा मरते, मंग त्याचा पोरगा येते."

बुढा खरंच मरायला टेकला तेव्हा तिचा फोन वाजला आणि तिनं तो उचलला. "हो, नाटकातच आहो. बोल न." शेवटचं वाक्य बोलायला तोंड उघडलेला नट तसाच थांबला. सगळा मांडव आमच्याकडे वळून पाहू लागला. लोक मलाही तिच्यातलीच समजत होते. ती मात्र निवांत उद्याच्या भाजीचं सांगत राहिली.

घरी आल्यावर नणंदेनं विचारलं, "मंग वहिनी, काय सांगू त्याइले?"

"नाही म्हणून सांग."

"काहून? घर चांगलं हाय."

"जी बाई नाटकातल्या बुढ्याले धड मरू देत नाही, ती माझ्या पोरीले धड जगू देईन काय?"