श्यामची रुंद चाकं

माझा धाकटा भाऊ श्याम फाटक म्हणजे सदाशिव पेठेतला बेताचा माणूस. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागला आणि ड्राफ्ट्समन म्हणूनच निवृत्त झाला. चहा अर्धा कप, पोळ्या दोन, बोलणं त्याहून कमी. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दलही कधी बोलला नाही. अशा माणसाने तरुणपणी विलायती स्पोर्ट्स कार घ्यावी, हे आमच्या घराण्यातलं एकमेव आश्चर्य. कॅम्पातल्या एका पारशी म्हाताऱ्याच्या बंगल्यामागे ती कुजत पडली होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. श्यामने ती भंगारात उचलली आणि चार-पाच वर्षं खपून चालती केली.

आमचे वडील म्हणाले होते, "दोनच माणसं बसतात. तिसऱ्याने काय मागून पळायचं?"

बुटकी, बिनटपाची, सायकलसारख्या तारांची चाकं असलेली गाडी. दर रविवारी सकाळी श्याम आनंदीला, म्हणजे बायकोला, शेजारी बसवून निघायचा. आणि खोटं वाटेल, पण स्टिअरिंग हातात आलं की हा माणूस बदलायचा. घरी दूधवाल्याशीसुद्धा नजर न मिळवणारा श्याम टिळक रस्त्यावर रिक्षावाल्याला शिव्या घालायचा. मी कानांनी ऐकल्या आहेत. चांगल्या खणखणीत होत्या. आनंदी मला एकदा म्हणाली, "वन्सं, आठवड्यातून दोन तास मला नवरा असतो. बाकी दिवस घरात पेइंग गेस्ट असतो."

हे सगळं सांगायचं कारण, गाडी चालवणं ही त्याची हौस होती असं लोक म्हणतात. हौस कसली? तेवढ्याच वेळात तो पुरता माणूस असायचा.

मग सत्तरीनंतर चाकांच्या तारा पटापट तुटायला लागल्या, चाकं जिथे बसतात तिथल्या खाचा झिजल्या. गाडी पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये उभी राहिली. त्याच सुमारास स्वारी बाथरूममध्ये घसरली. डावा खांदा गेला. हात छातीच्या वर जाईना. वरच्या फळीवरचा डबासुद्धा आनंदीने काढून द्यायचा. "जाईल बरा," असं म्हणत दोन वर्षं त्याने डॉक्टरला दाखवलं नाही. पुण्यात दुखणं अंगावर काढणं हा सद्गुण समजतात.

गेल्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. सगळ्यांनी दिवाळीआधी जागा खाली करायची. श्याम-आनंदीला धनकवडीत भाड्याचा फ्लॅट मिळाला, पण खाली पार्किंग नाही. आनंदीच्या मावसभावाची सासवडला शेड होती. गाडी तिथे ठेवायची ठरली.

"टेंपोत घालून न्या," आनंदी म्हणाली.

"टेंपोतून मढं नेतात. मी चालवत नेणार. बोपदेव घाटाने."

"अहो, हात?"

"घाट काय हाताने चढायचा असतो?"

त्याला एवढंच हवं होतं. शेवटचं एकदा स्वतः चालवायची. नवी इमारत उभी राहीपर्यंत आपण नसू, हे त्याला ठाऊक होतं आणि आम्हालाही. 

जुने मेकॅनिक एक तर वारले होते, नाही तर त्यांच्या जागी मोबाईलची दुकानं आली होती. कोणीतरी हडपसरच्या गाडीतळापलीकडे नागोरावचं नाव सांगितलं. हा मूळचा कंधारकडचा. कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांना जाड टायर आणि चकचकीत चाकं बसवून देण्याचा त्याचा धंदा. दंड माझ्या मांडीएवढे आणि आत्मविश्वास त्याहून मोठा. गाडी त्याच्या पोरांनी दोरीने ओढत तिकडे नेली होती. आनंदीने मला श्यामबरोबर धाडलं होतं, कोणीतरी शहाणं सोबत असावं म्हणून.

नागोराव चाकाभोवती उकिडवा बसून म्हणाला, "काका, ह्या तारा आता नाही टिकायच्या. इंग्लंडहून मागवा, सहा महिने वाट बघा. नाहीतर माझं ऐका, हे लावून टाकू."

त्याने भिंतीला टेकवलेली चाकं दाखवली. जुन्याच्या दीडपट रुंद.

"श्याम, हे सायकलला ट्रॅक्टरचं चाक वाटतंय," मी म्हणाले.

"मावशी, रस्ता धरून ठेवेल. वळणावर हलणार नाही," नागोराव म्हणाला.

मला वाटलं होतं तो नको म्हणेल. रस्त्यात असली गाडी दिसली की आजवर नाक मुरडायचा. पण त्या दिवशी त्याचे डोळे वेगळेच होते. जन्मभर सगळं बेताचं करून कंटाळलेल्या माणसाला शेवटी एकदाच काहीतरी जास्त हवं असतं. नागोराव म्हणाला की जुन्या खाचांचे हब लेथवर कापावे लागतील, मग नवी चाकं बोल्टने बसतील. "पण परत जुनी बसवायची म्हटलं तर नाही बसायची हां काका. आत्ताच सांगतो."

"परत कशाला?" श्याम म्हणाला.

घरी आल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि ड्रॉइंग काढायला घेतलं. पुढचं चाक, टायर, मडगार्ड, स्प्रिंग. गाडी खड्ड्यात बसली की टायर किती वर येईल, चाक पूर्ण वळवलं की कडा कुठे लागेल, सगळं. उजव्या हाताने रेघ, डाव्याने पट्टी धरायची, आणि पट्टी सारखी सरकायची. आनंदीने पट्टीवर वरवंटा ठेवून दिला. सामान बांधायला मी तेव्हा त्यांच्याकडेच मुक्कामाला होते. चार दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. ड्रॉइंग सुंदर झालं, नाही म्हणायची सोय नाही. कारखान्यात चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं. यंत्राची प्रत्येक फट मोजायची. यंत्रापुढे बसणारा माणूस ड्रॉइंगमध्ये काढायची पद्धत नसते.

कागदाप्रमाणे पुढच्या मडगार्डची आतली कडा टायरला लागणार होती. नागोरावने ती तापवून लाकडी हातोड्याने आत वळवली. एक ठोका चुकला आणि रंगाचा पापुद्रा उडाला. श्यामने डोळे मिटले. जाड टायरांवर ती नाजूक गाडी उभी राहिली तेव्हा मला ती पैलवानाच्या वहाणा घालून निघालेल्या त्याच्या बायकोसारखी वाटली. श्याम मात्र तिच्याभोवती तीन वेळा फिरला.

हडपसरहून घरी नागोरावने आणली. "पहिला राऊंड मी मारतो काका, तुम्ही बाजूला बसून ऐका. कुठं घासतंय का बघू." मग वाटभर दोघेही कान लावून बसले. कुठेही घासलं नाही. एकदाच स्टिअरिंग फिरवून नागोरावने ती दोन खांबांच्या मध्ये घातली, चावी दिली आणि गेला. श्यामने त्या दिवशी आनंदीला स्वतःहून पेढे आणायला सांगितलं. त्याला गोड आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आनंदीने डोक्याला रुमाल बांधला, थर्मास घेतला. मी खाली निरोप द्यायला गेले. इंजिन एका झटक्यात लागलं. पार्किंगमध्ये विद्यार्थ्यांच्या स्कूटरी कडेकडेने लावलेल्या, समोर खांब. बाहेर पडायचं तर जागच्या जागी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला हवं.

श्यामने वळवायला घेतलं. ते हललंच नाही.

त्याला वाटलं लॉक लागलंय. चावी फिरवून बघितली. मग दोन्ही हातांनी ओढलं. उजवा हात खेचत होता, डावा नुसता धरून होता. गाडीचं वजन त्या रुंद टायरांवर बसलेलं, खाली खडबडीत फरशी. स्टिअरिंग बोटभर फिरलं आणि थांबलं. त्याच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

"उतरू का मी?" आनंदी म्हणाली. "वजन कमी होईल."

"बस तू."

दुसऱ्या मजल्यावरचे दातार पेपर घेऊन गॅलरीत उभे होते. "काय फाटक, गाडी काढताय की नुसता आवाज ऐकवताय?"

एक विद्यार्थिनी स्कूटर काढायला आली होती. "अंकल, हेल्प करू का? मी फिरवते ना," ती म्हणाली. चांगली मुलगी. श्यामने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने क्लच सोडला. गाडी हलली की स्टिअरिंग हलकं होतं, एवढं त्याला माहीत होतं. पण हलायला जागा होती हातभर. चाक अर्धंच वळलं आणि डावं मडगार्ड खांबावर गेलं. आवाज फार मोठा झाला नाही.

"तो खांब बिल्डर पाडणारच आहे हो," दातार वरून म्हणाले. "तुम्ही कशाला घाई करताय?"

मी दातारांना वर बघून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. श्यामने इंजिन बंद केलं. डावा हात मांडीवर पडला होता, तो उजव्या हाताने उचलून त्याने दाराबाहेर काढला आणि मग स्वतः उतरला. आनंदी थर्मास धरून आतच बसून राहिली.

नागोराव संध्याकाळी आला. एका हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं आणि मग त्याची नजर श्यामच्या खांद्यावर गेली. हवा वाढवून बघितली. थोडा फरक पडला, श्यामला पुरेल एवढा नाही.

"जुनी चाकं?" मी विचारलं.

"हब कापले ना मावशी. तुमच्यासमोरच." तो डोकं खाजवत होता. "छोट्या गाडीची मोटर लावता येते स्टिअरिंगला. पण डॅशबोर्ड कापावा लागंल, दोन महिने तरी जातील. काका, हात असा आहे हे बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," श्याम म्हणाला.

"मी कामून विचारीन? मला वाटलं तुम्ही चालवता म्हणजे चालवता."

दोघांचंही बरोबर होतं, आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता. त्या आठवड्यात मी श्यामला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतली दोरी तुटून आखडून गेलीय, वेळेवर आला असतात तर बघता आलं असतं. आता या वयात शिवण्यात अर्थ नाही. श्यामने मान डोलावली. कोणी बसचा रस्ता सांगावा आणि आपण ऐकून घ्यावा, तशी.

इमारत खाली करायच्या आदल्या दिवशी नागोराव गाडी न्यायला आला. "काका, शेजारी बसा ना."

"नको."

"अहो, बसा की," आनंदी म्हणाली. "निदान वारा तरी लागेल."

"तू बस."

तीही बसली नाही. आम्ही तिघे भाड्याच्या टॅक्सीतून मागोमाग निघालो. कोंढव्यापर्यंत श्याम नागोरावच्या चुका काढत होता. "गिअर उशिरा टाकतोय. क्लचवर पाय ठेवून चालवतोय." मग घाट लागला. चेमटलेल्या मडगार्डाची ती गाडी रुंद टायरांवर पुढे वळणं घेत होती. खरोखर जराही हलत नव्हती, रस्ता धरून होती. श्यामचं कागदावरचं गणित तंतोतंत बरोबर होतं. तो बघत राहिला. चालताना ती मागून कशी दिसते हे त्याने पन्नास वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. कुठून पाहणार?

टॅक्सीवाल्या पोराने विचारलं, "काका, काय भारी गाडी आहे ना? तुमच्या ओळखीची आहे का?"

"होती," श्याम म्हणाला.

आनंदी खिडकीबाहेर बघायला लागली. एका वळणावर गाडी दिसेनाशी झाली, ती सासवडला शेडमध्येच दिसली. आम्ही कव्हर घातलं, दार लावलं, मावसभावाकडे पिठलं-भाकरी खाऊन परत आलो.

आता धनकवडीत आहेत. तिसरा मजला, लिफ्ट कधी चालते कधी नाही. शेडमध्ये जाऊन मोटर बसवतो म्हणून नागोराव दोनदा फोनवर म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही. श्यामनेही विचारलं नाही. रविवारी तो इतर दिवसांसारखाच उठतो. रस्त्याने कोणी आडवं आलं तर बाजूला होतो. फिजिओथेरपीवाल्या मुलीने डाव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवायला सांगितली आहेत. सकाळ-संध्याकाळ भिंतीसमोर उभा राहून ते तो निमूट करतो. बोटं हनुवटीपर्यंत जातात आणि तिथेच थांबतात.

परवा मला राहवलं नाही. मी म्हणाले, "श्याम, आता कशासाठी चाललंय हे?"

"शर्ट घालता आला पाहिजे ना, ताई," तो म्हणाला.