नायकांचा राम राम

कनेरगाव नाक्यावरचे चार ढाबे ओलांडायला आमच्या नायकांना तासभर लागायचा. राम राम करणाऱ्याचं गाव, लेकरं, गुरं विचारल्याबिगर ते पाऊल उचलत नसत. तांड्याचे प्रमुख म्हणून सगळे त्यांना नायकच म्हणत.

पावसाळ्यात तांडा चिखलात अडकायचा. रस्त्यासाठी मी पत्रकं वाटून थकलो. शेवटी मुंबईच्या एका परिषदेत मंत्र्यांपुढं बोलायला नायकांना दहा मिनिटं मिळाली. आयोजकांनी आम्हाला उतरवलं समुद्रकाठच्या, इंग्रजांच्या काळातल्या हॉटेलात. गरिबीची चर्चा करायला यांना संगमरवरच लागतो.

सकाळी निघताना फेटेवाल्या दरवानानं सलाम ठोकला. नायक थांबले.

"राम राम. गाव कोन्तं तुमचं?"

दरवान गांगरला. पाहुण्यांशी बोलायची त्याला मनाई होती. नायक हलेनात, तसा तो हळू आवाजात गावाचं, घरचं सांगू लागला.

"नायक, गाडी थांबून राहिली," मी खेकसलो.

"त्याची माय बिमार हाय. मधातच तोडू का?"

आम्ही पोचलो तेव्हा मंत्री उठून गेले होते.

तांड्यावर परतल्यावर सगळं आयोजकांवर ढकलायला मी उभा राहिलो. नायकांनी मला खाली बसवलं. "चूक माझी हाय. मी बोलत थांबलो," त्यांनी सांगितलं.

एक म्हातारी म्हणाली, "माझी सून पोटुशी हाय. तिला बाजंवर दवाखान्यात न्यावं लागलं, तं तुमी खांदा देसाल का?"

"देतो."

श्रावणात कळा सुरू झालेल्या सुनेची बाज चिखलातून नाक्याकडं निघाली. पुढचा खांदा नायकांचा होता. मागं मी होतो, आणि ते एकदाही थांबले नाहीत.