शिट्टी थांबली की

महाळुंग्याच्या एका कंपनीत मी माल घेऊन जातो. कंटेनर माल उतरवायच्या डॉकला मागे लावताना गेटवरचे काका मागे उभे राहून शिट्टी वाजवतात. शिट्टी चालू आहे तोवर मागे यायचं, थांबली की ब्रेक, एवढंच आम्हा ड्रायव्हरांना ठाऊक.

परवा शिट्टी मध्येच थांबली. ब्रेक मारला, तर डॉक अजून लांब होता आणि आरशात काका नव्हते. धावत मागे गेलो. काका गुडघ्यांवर हात टेकून, खांदे उचलून श्वास ओढत होते.

"काका, दमा आहे का?"

"न्हाई रं. जन्माचाच आजार हाय, लाखात एखाद्याला व्हनारा. साखर स्नायूंत साचती अन् श्वास ओढायचा जोर जातो. आडवं बी पडवत न्हाई, बसूनच झोपतो."

"मग शिट्टी कशाला वाजवता?"

त्यांनी शिट्टी शर्टाला पुसली. "जोर किती उरलाय, ते हिच्यावरनंच कळतं मला."

मी पुन्हा गाडीत बसलो, काच खाली केली, गाणी बंद केली. डॉकपाशी शिट्टी थांबणारच होती. तरी ती थांबली तेव्हा मी डॉक पाहिला नाही, आरशात काकांना शोधलं.